बाळंतिनीची गाडी

"तू गाडीवान हायेस, गाडी हाक. पोरीच्या लग्नात तोंड घालू नगं." असं म्हनतो दादा.

व्हय, हाय मी गाडीवान. म्हनूनच तोंड घालतो. दादा, तुला नांगर ठावं, मोट ठावं. लगीन झालेली पोरगी सासरी कशी जाती आन वरसाच्या आत कशी परत येती, ते तुला काय ठावं? ते मला ठावं. मागं मान वळवली की माज्या पाठीशीच पडलेली आसती ती.

हितं न्हाई तो, तरी बोलतो. सकाळी त्याच्या दारातबी हेच बोललो. त्यानं पागोटं काडून भुईवर आपटलं, मी चाबूक आपटला. वैनी मधी पडली म्हनून भागलं.

सोना त्याची पोरगी. माजी पुतनी. तेरावं सरलं न्हाई अजून. येत्या सोमवारी म्हाळुंग्याला तिचं लगीन लावत्यात. कायद्यात पंधरा लागत्यात म्हनं. दादा म्हनला, पंधरा सांगू, कोन दात मोजतंय. वऱ्हाडाला माजी छपराची गाडी मागितली. मी न्हाई म्हनलो. तवा ते 'गाडी हाक' सुनावलं मला.

आपन ह्या तळावर पाच-सा गाडीवान. बाजारच्या दिवशी कांद्याची पोती, लग्नसराईत वऱ्हाड, आन बाकी वरीसभर बाळंतिनी. पोती उतरली की गाडी झाडून टाकता येती. बाळंतिनीचं तसं न्हाई. तिची गोष्ट मागनं घरापतुर येती, ताटावर बसती, घास गिळू देत न्हाई. वीस वर्सांत किती साटल्यात, मोजलं न्हाई. एक सांगायला गेलं की दुसरी आठवती. आज बसाच समदे. नाना, भिकू, तुमी दोघंबी हाईत. मी कुटं खोटं बोललो तर जागेवर आडवा मला.

*

पयला भिकूचा किस्सा सांगतो. हसून घ्या, पुडं हसायला फार न्हाई.

सडकेवरच्या दवाखान्यात नर्सबाई पोरीचं वय लिवून घेती. आपल्याकडं समद्या पोरींचं वय एकच. अठरा. सासऱ्याला इचारा, दिराला इचारा, गाडीवानाला इचारा. अठरा. आपल्याला ते पाठच झालंय.

भिकू चिंबळीची एक पोर घिऊन गेला. सासरा बरुबर, पोरीची आईबी बरुबर. नर्सबाईनं इचारलं, हिचं वय काय. सासरा म्हनला अठरा, भिक्याबी म्हनला अठरा. नर्सबाईनं लिवलं. मग तिनं सहज आईला इचारलं, आन बाई तुमचं?

"एकुनतीस."

"आणि ही झाली तेव्हा?"

"पंधरावं सरलं व्हतं की," आई फुशारकीनं म्हनली. त्या काळात पंधरा म्हंजे उशीरच.

नर्सबाईची लेखनी थांबली. बोटावर मोजलं तिनं. अठरा खोडलं आन चौदा लिवलं. सासऱ्यानं पोरीच्या आईकडं आसं बगितलं की खाऊ का गिळू. तिला कळंनाच आपलं काय चुकलं. पोरीच्या वयाचं खोटं तिला पडवून आनलं व्हतं. सोताच्या वयाचं खोटं बोलायला तिला कुनी शिकवलंच नव्हतं.

*

बाळंतिनीच्या गाडीची घुंगरमाळ आपन काडतो. माळ काडली की बैल सावकाश चालत्यात, त्यांनाबी कळतं.

कुरुळीला एका घरी बोलावनं आलं. सून आडली व्हती. कडबा आंथरला, वर वाकळ टाकली, माळ काडली. तवर सासू भाईर आली आन म्हनली, माळ बांद.

मी म्हनलो, आवो आजी, बाळंतिनीची गाडी हाय.

"म्हनून तर बांद. सकाळधरनं बोंबलती ती. गावातनं जायचंय. हसं करायचंय व्हय आमचं?"

बांदली मी. खोटं कशाला सांगू, म्या ह्याच हातानं बांदली. गावातनं घुंगरं वाजवत गेलो. आत ती तोंडात पदराचा बोळा धरून. तरी वरडनं भाईर यायचंच, पन घुंगरांत मिसळून जायचं.

येशीपाशी एक म्हातारं बसलं व्हतं. डोळ्यांनी आधू. त्यानं हात वर करून इचारलं, "कुनाचं लगीन रं?"

*

आता माजं सांगतो. न्हाईतर म्हनाल, हा दुसऱ्यांचीच उनी काडतो.

माजी बायकू लक्षुमी पयल्या बाळंतपनाला चौदाची व्हती, मी ईस. मला लय आभिमान. गाडीच्या धुरेवर बसून इड्या ओडत व्हतो आन येनाऱ्या-जानाऱ्याला सांगत व्हतो, बाप झालो म्हनून. ते पोर पाचव्या दिशी गेलं. पुडं आनखी चार झाली. तेविसाव्या वर्सापतुर पाच बाळंतपनं, त्यातली दोन जगली. तिशीत दात पडलं, कंबार वाकली. हांडा उचलायचा तर दोन येळा बसती.

मागल्या जत्रंत तिला बांगड्या भरायला कासाराम्होरं बसवली. मी शेजारी टेकलो. कासार नवा, भाईर गावचा. त्यानं तिचा हात हातात घेतला आन मला इचारलं, "पाव्हनं, आईला कंच्या रंगाच्या भरू?"



तीच म्हनली, "हिरव्याच भर बाबा. नवरा जित्ता हाय माजा. ह्यो काय, शेजारी बसलाय."

कासारानं मान खाली घातली. मी मोट्यांदा हसलो. ती हसली न्हाई.

दादा म्हनतो, आपल्या आया-बायकांची झालीच की लग्नं लहानपनी, काय बिगडलं? ये घरी, दावतो तुला काय बिगडलं. तुजी भावजयच हाय.

*

ही गोष्ट मी कुनाला सांगितलेली न्हाई. नानालाबी न्हाई.

पैलटकरीन माहेरीच बाळंत व्हायची, ही आपली रीत. सासरच्या उंबऱ्याच्या आत पयलं बाळंतपन झालं की दोन्ही घरं भांडत बसत्यात. ठीक हाय. सातव्या म्हयन्यात न्यावी, वटी भरावी, आईपाशी ठिवावी, त्यात वाईट काय न्हाई. पन कळा काय रीत बगून येत्यात?

ह्या पोरीला आठव्यातच कळा सुरू झाल्या. सासरचं घर सडकेला लागून, दवाखाना तितनं हाकेच्या अंतरावर. माहेर भामा नदीपल्याड, चार कोस. सासू म्हनली, माहेरी घाल. सासरा म्हनला, माहेरी घाल. नवरा सतरा-अठराचा आसंल, तो भिताडाकडं तोंड करून हुबा. मी गाडी जुपली.

पोरगी चौदाची. गाडी हालली तशी म्हनली, "मामा, थांबवा जरा. मला परसाकडला जायचंय."

सासूनं तिला खाली दाबलं. मला म्हनली, हाक तू. थोडं गेलो, पोर परत म्हनली, मामा, थांबवा ना, लय लागलीया. तवा मला कळलं. ह्या पोरीला ठावंच न्हाई. पोटात काय व्हतंय ते तिला कुनी सांगितलंच न्हाई. कळा कशाला म्हनत्यात, पोर कुटनं येतं, कायच न्हाई. तिला वाटतंय हागायला झालं, आन ही मानसं उतरू का दीनात.

दवाखान्याम्होरनंच वाट जाती. नर्सबाई ओट्यावर फडकी वाळत घालीत व्हती. तिनं गाडी बगितली, आतली पोर बगितली आन हातातलं फडकं तसंच धरून पायरी उतरून खाली आली. तिला वाटलं, मी बैल वळवनार.

मी बैल वळवलं न्हाईत.

कासरा माज्या हातात व्हता, राव. सासूच्या न्हाई, सासऱ्याच्या न्हाई. माज्या. उजवा कासरा वीतभर वडला आसता तरी बैल आपसूक आत शिरलं आसतं, त्यांना तो दवाखाना ठावं व्हता. एक बैल तिकडं वळायलाबी लागला व्हता. मी चाबूक वडला त्याच्या पाठीवर.

नदीच्या आलीकडं समदं आटपलं. पोर आन आई, दोगंबी. माहेरच्या लोकांनी गाडी बगून आदी काय इचारलं आसंल? आमच्या शिवंत आल्यावर झालं, का त्यांच्या शिवंत?

*

नाना, तुमच्या गाडीतल्या यमुनाचं सांगू का? सांगतोच.

यमुना पंधराची. आंग बारीक. बाळ दोन दिस आडकून पडलं, सुईनीनं जमंल तसं वडलं. बाळ मेलं, पोरगी जगली. पन आत कायतरी फाटलं आन तवापास्नं तिची लघवी थांबत न्हाई. बसली तरी, निजली तरी. समद्यांना वास येतो. तिलाबी येतो.

सवा म्हयन्यानं सासरच्यांनी नानाची गाडी बोलावली आन तिला माहेरी धाडली. नाना म्हनत्यात, पोरगी गाडीपाशी आली, संगं एक गोनपाट आनलेलं. ते आदी चौघडी करून आंथरलं, मग वर बसली. नाना म्हनलं, बाय, कडबा हाय की. तर म्हनली, "न्हाई आजा, तुमच्या गाडीत उद्या दुसरं मानूस बसंल."

पंधरा दिसांनी त्याच घरनं नानाला परत बोलावनं. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं वऱ्हाड न्यायला. नाना गेलं. काय करनार, धंदा हाय. नवी नवरी तेराची.

यमुना आता माहेरी गोठ्यात ऱ्हाती. सनासुदीला तिला घरात घेत न्हाईत, पंगतीला घेत न्हाईत. लहानी भावंडं लांबनं भाकर ठिवत्यात. नर्सबाई म्हनली, पुन्याच्या मोट्या दवाखान्यात ते फाटलेलं शिवत्यात, चार-सा हप्ते ठिवून घेत्यात, पोर चांगली व्हती. तिचा बाप म्हनला, सुगी झाली की नेतो. तीन सुग्या झाल्या.

सुगीत बैल लंगडला तर त्याच दिशी खेडला ढोरांच्या दवाखान्यात नेत्यात दावायला. हे मी डोळ्यानं बगितलंय, त्याच घरचं.

*

भिकू, उठू नगं. बस. तुजं तुज्याम्होरंच सांगतो.

भिकूची थोरली तुळशी. रीतीपरमानं येळंवर माहेरी आली, बापाच्या घरी बाळंत झाली, पोरगा झाला, समदं यवस्थित. भिकूनं तळावर पेढं वाटलं, आपन खाल्लं. चौथ्या दिशी तिला ताप भरला. बाळंतिनीला येतोच ताप, म्हनलं समदे. धुरी दिली, शेकशेगडी केली. बाराव्या दिशी आंगनात बायका पाळना म्हनत व्हत्या आन आत तुळशी गेली. नाव ठिवायचं तसंच ऱ्हायलं. सोळावं लागलं व्हतं तिला.

मग भिकू पिंपरीच्या इटांच्या खेपा करायला लागला. तिकडं औशदाचा कारखाना बांदत्यात ना, मोटा. तितल्या पहारेकऱ्यानं त्याला सांगितलं, हितं आसं औशद व्हनार की सुई टोचली की ताप उतरतो. भिकूनं इचारलं, बाळंतिनीचा? पहारेकरी म्हनला, बाळंतिनीचाबी.

तवापास्नं भिकू दर खेपंला इटा उतरवतो आन त्याला इचारतो, झालं का सुरू? तो म्हनतो, अजून भित्ती चालल्यात. भिकू मान हालवतो, गाडी वळवतो. दुसऱ्या खेपंला परत तेच. पहारेकरी वैतागला, पन भिकू इचारायचं सोडंना.

मी एकदा तोंड सोडलं. म्हनलं, भिक्या, तुळशी गेली. आता कुनासाठी इचारतोस?

म्हनला, "तिच्या पाठच्या दोगी हाईत ना घरात."

व्हय, हाईत. आन त्या दोगींतल्या मोटीला बारावं लागलंय, आन मागल्या आईतवारी तू मरकळला स्थळ बगायला गेल्ता. मला काय कळलं न्हाई व्हय? आसा रडू नगं आता. कारखान्याच्या भित्ती व्हईपतुर जरा पोरीला घरात ठिव, येवडंच म्हनतो मी.

*

आता शेवटचं. हे परवाचं हाय. हे दादालाबी सांगितलं. तो म्हनला, पोरी हाईत, शिकत्यात हळूहळू.

मोशीस्नं एक पोरगी सासरी चाकनच्या आलीकडं सोडायची व्हती. बाळंतपन करून निगाली व्हती, कडंवर तीन म्हयन्याचं पोर. संगं सासू. सोना त्या दिशी माज्याच गाडीत व्हती, मोशीला आत्याकडं गेल्ती, तिला घिऊन येत व्हतो.

दोगींनी एकमेकीला बगितलं आन किंचाळल्याच. मोशीच्या शाळंत दुसरीपतुर एका बाकावर व्हत्या म्हनं, सोना आत्याकडं ऱ्हायला व्हती तवा. ती पोरगी सोनाहून चार म्हयन्यांनी मोटी. चारच.

सासूला डुलकी लागली. पोरीनं बाळाला कडब्यात निजवलं, लुगड्याच्या कनवटीतनं पाच खडं काडलं. घासून गुळगुळीत केलेलं. झालं, दोगी खेळायला बसल्या. चिंबळी गेली, कुरुळी गेली, ह्यांचं आपलं चाललंच. सोना चिडीचा डाव खेळती, ती रुसती, परत हसती. मधी बाळ रडलं. कुनी बगितलं न्हाई. रडून रडून निजलं.

घर आलं. सासू जागी झाली, गठुडं घेतलं, तांब्या घेतला आन तरातरा म्होरं गेली. तिला वाटलं, बाळ सुनंपाशी हाय. पोरगी उडी मारून उतरली. सोनाला म्हनली, परत ये गं. आन पळत सुटली.

मी बैल हाकलं. लांब आलो, ओढा वलांडला. तवा सोना म्हनली, "काका, हे बाळ हितंच हाय की."

मी मागं बगितलं. कडब्यात बाळ. डोळं उगडं ठिवून छपराकडं बगतंय.

बैल वळवलं. म्हनलं, आता घरात रडारड आसंल, सासू पोरीला तुडवत आसंल. ओढ्यापाशी येतोय तवर ती पोरगीच समोरनं पळत येताना दिसली. वाटंनं धुरळा, पदर भुईवर, उर फुटंस्तवर पळतीया. म्हनलं कशी झाली तरी आई हाय, आठवलं तिला.

गाडीपाशी आली. धापा टाकतीया. हात म्होरं केला.

मी सोनाकडनं बाळ घेतलं आन तिच्या हातात दिलं. तिनं ते कडंवर घेतलं, तांब्या घेत्यात तसं. दुसरा हात तसाच म्होरं धरलेला.

म्हनली, "मामा, माजा एक खडा ऱ्हायलाय गाडीत."

*

सोमवारी दादाच्या दारात ह्या तळावरची एकबी गाडी जुपायची न्हाई. नाना, तुमची न्हाई. भिकू, तुजी न्हाई. ऊठ आन आत्ता जाऊन सांग त्याला.